हिरव्या रेक्झिनचा सोफा

विद्याधरने आधी सोफा ओळखला, माणूस नंतर. सकाळचा चहा झाला होता, अनुपमा आत कोथिंबीर निवडत बसली होती आणि तो रोजच्यासारखे मोबाइलवरचे फुलाफुलांचे सुप्रभात एकेक करून पुसून टाकत होता. त्यात एक निमंत्रण निघालं. मुलुंडच्याच वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. चित्रकाराचं नाव वाचायच्या आधीच त्याचा अंगठा थांबला. चित्रात हिरव्या रेक्झिनचा सोफा होता. पाठीवर क्रोशाचे तीन पांढरे रुमाल, त्यातला मधला जरासा डावीकडे घसरलेला. तो कायम घसरायचा आणि आई येताजाता नीट करायची. शोकेसच्या काचेला तडा होता आणि तड्यावर चिकटपट्टी. कोपऱ्यात लाकडी शटरचा टीव्ही. आणि सोफ्याच्या मधोमध, कोट घालून, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला पंचविशीतला एक मुलगा. हे घर आता जगात कुठेच नव्हतं. इमारत पाडून नऊ वर्षं झाली होती, त्याच जागेवर बावीस मजल्यांचा टॉवर उभा होता आणि चौदाव्या मजल्यावर विद्याधर टिपणीस निवृत्तीचा चहा पीत बसला होता. त्या जुन्या हॉलचा एक धड फोटो घरात नव्हता. त्याला स्वतःलाच ती चिकटपट्टी आठवत नव्हती. आणि कुणीतरी ती चाळीस वर्षं जपून ठेवली होती. मग त्याने नाव वाचलं: दत्ताराम घाडी.

"काय आलं रे?" अनुपमाने आतून विचारलं. "काही नाही गं. प्रदर्शन आहे कसलंतरी." आणि एवढं बोलतोय तोच हातातला मोबाइल वाजला. नंबर अनोळखी, आवाज मात्र तोच, तंबाखूने थोडा जाड झालेला. "विद्या, बघितलंस काय? भाचीने पाठवलं तुला. मानसीने. नंबर शोधून काढला तिने, हुशार आहे पोरगी." विद्याधर म्हणाला, "बघितलं. अरे, झकास." झकास हा शब्द त्याने कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता. दत्ताराम खूश होऊन हसला. "तेरा चित्रं आहेत. बारा झाली. तेराव्यात तू आहेस आणि तुझा चेहरा काय मेला जमत नाही. येऊन बस की तासभर. भटवाडीत, तीच जागा, फक्त आता वर माळा चढवलाय." विद्याधर म्हणाला, गुडघा दुखतो रे, बघतो, कळवतो. "रिक्षाने ये. आणि ऐक, दारात पाटी लावतोय मी, स्वतः रंगवलेली. ज्याने घर दिलं त्या विद्याधरला. बरी वाटते ना?" बरी वाटते, विद्याधर म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण उरकून तो घाटकोपरला जायला रिक्षात बसला. शास्त्री मार्गावर मेट्रोचे खांब, पत्रे आणि धूळ. भांडुपला रिक्षा जी अडकली ती अडकलीच. त्याला बरंच वाटलं. पोचूच नये असं वाटत असलं की मुंबईचे रस्ते फार समजूतदार होतात. दत्ताराम पहिल्यांदा दिसला तो शिडीवर. साल एक्क्याऐंशी. सोसायटीची पाटी रंगवायला घाटकोपरहून एक पेंटर आला होता, आणि नुकताच बँकेत चिकटलेला विद्याधर खाली उभा राहून, 'गृहनिर्माण'मधला रफार नीट येतो का ते बघत होता. शिडीवरून आवाज आला, "साहेब, अक्षर माझं आहे, चूक काढायची तर कॅरममध्ये काढा." तिथून सुरुवात. दत्तारामचे वडील गिरणीत होते आणि पुढच्याच वर्षी संपाने घरी बसले. भटवाडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. मुलुंडला टिपणिसांच्या हॉलमध्ये मात्र रविवारी दुपारी पंखा फिरायचा आणि आई दोघांना सारखेच पोहे द्यायची. दारावरची नावाची पाटीही दत्तारामनेच रंगवली होती, काळ्यावर पिवळी. वडिलांचं आडनाव त्याने इतकं देखणं काढलं की वडील आठवडाभर दार उघडायच्या आधी चष्मा लावून पाटीकडे बघायचे. विद्याधरच्या अक्षराबद्दल कुणी कधी काही बोललं नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत दत्तारामला कणकवलीकडचं स्थळ सांगून आलं. मुलीकडच्यांना फोटो हवा होता. आता फोटो काढायचा कुठे? खोलीत काढला तर मागे दोरीवरचे कपडे आणि बापाचा पाय यायचा. स्टुडिओतला फोटो म्हणजे मागे रंगवलेला ताजमहाल. तसला पडदा दत्तारामने स्वतःच एका स्टुडिओला रंगवून दिला होता, त्यामुळे त्याच्यापुढे बसायला त्याला लाज वाटत होती. तेव्हा विद्याधरच म्हणाला, आमच्याकडे काढू. हे त्याचंच वाक्य. ते त्याला नेहमी आठवायचं, कारण त्या सगळ्या प्रकरणात आपल्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच होतं. आईने तर लग्नघरच केलं. टीव्हीवरचं कापड काढलं, शटर सरकवून काच पुसली, फोटोत टीव्ही दिसायला हवा म्हणून. वडिलांचा कोट काढला. विद्याधरचं घड्याळ दत्तारामच्या मनगटावर गेलं. नवा फोन आला होता, आठ वर्षं नंबर लावून मिळालेला. आई म्हणाली, कानाला लाव रे. "कुणाशी बोलू काकू?" "होणाऱ्या बायकोशी!" सगळे हसले. विद्याधर कॅमेरा घेऊन टीव्हीच्या समोर उभा. दत्ताराम बसला. आणि बसल्याबरोबर काहीतरी झालं खरं. तो गरीब दिसेना, पाहुणाही दिसेना. जन्मापासून त्याच सोफ्यावर लोळल्यासारखा आरामात बसला होता, कोट खांद्यावर मापाचा बसला होता, आणि ऊन शोकेसच्या काचेवरून उडून नेमकं त्याच्या गालावर पडलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. ती वडिलांना म्हणाली, "बघा हो, किती शोभतोय! अगदी घरचाच वाटतोय. नाहीतर आमचे चिरंजीव, बसले की पाहुणा आल्यासारखे." दत्ताराम लांब होता, त्याला ते ऐकू गेलं नाही. विद्याधरला गेलं. त्याने बटण दाबलं.

एवढंच. लोकांची आयुष्यं कुठल्या मोठ्या गोष्टींनी फिरत असतील ती असोत, इथे आईचं एक वाक्य होतं, आणि तेसुद्धा लाडाचं. तिच्या मनात काहीच नव्हतं. संध्याकाळी तिने विद्याधरच्या आवडीची साबुदाण्याची खीर केली आणि त्याने ती खाल्लीसुद्धा. पण ते वाक्य दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं राहिलं ते राहिलंच. दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी अकराला बेल वाजली. दारात मुलीचे मामा. पोस्टात होते, धोतर-कोट, हातात छत्री. चौकशीला आले होते. मुलाच्या ओळखीतलं एखादं वजनदार नाव द्यावं लागतं, आणि दत्तारामने बँकेतल्या मित्राचं दिलं होतं, पत्त्यासकट. तेव्हा ते गृहस्थ आले आणि बरोबर त्या सोफ्यावर बसले. बसले, आणि त्यांनी सोफ्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे. मग शोकेसकडे. खिशातून फोटो काढला, लांब धरला, परत खिशात ठेवला. विद्याधरला वाटलं, वाट लागली. पण मामा पोट हलवून हसले. "राहू दे हो, घराचं सोडा. माझा स्वतःचा फोटो मास्तरांच्या ओसरीवर काढलेला, मागे त्यांचीच म्हैस. बायको अजून विचारते, म्हैस कुठे गेली? मुलगा कसा ते सांगा. तुम्ही होय म्हणालात की मी उद्या सुपारी फोडतो."

मुलगा चांगला आहे. हे तीन शब्द. ते खरे होते, तोंडाशी होते, मामांनी पानावर वाढल्यासारखी जागा करून ठेवली होती. स्वयंपाकघरात फोडणी पडली. आणि विद्याधरने सोफ्यावरचा घसरलेला रुमाल नीट केला आणि म्हणाला, "मामा, मी काय सांगणार? तुम्ही आणखी कुठेतरी विचारा. माझं नाव यात मध्ये नको." म्हटलं तर यात एक शब्द खोटा नाही. पण चौकशीला गेलेल्या माणसाला याचा अर्थ कळायला अक्कल लागत नाही. मुलाच्या मित्रानेच अंग काढून घेतलं म्हणजे पिणं असेल, बाई असेल, फिट येत असेल; जे काय असेल ते सांगण्यापलीकडचं असेल. मामांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी चहाचा अर्धा कप खाली ठेवला. "समजलो," ते म्हणाले, "उपकार झाले तुमचे. पोरीचा बाप नाही, म्हणून फिरतोय." छत्री दारात विसरून गेले, विद्याधर जिन्यापर्यंत धावला आणि छत्री देऊन आला. छत्री देताना सांगता आलं असतं. पुढच्या तीस वर्षांत तो जिना तो किती वेळा उतरला याला हिशोब नाही. इमारत पाडली तेव्हा लोक रडले. त्याला मात्र, जिना गेला, असं वाटून हायसं झालं होतं, आणि मग आपल्याला हायसं वाटलं याचीच शरम वाटली होती.

नकार आला, कारण न देता. दत्तारामने पुढे कुठलंच स्थळ बघितलं नाही. विद्याधरला वाटायचं, बघेल, वय आहे, एक मोडलं म्हणून काय झालं, कितीकांची मोडतात. दोन वर्षांनी विद्याधरचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा मंगल कार्यालयाच्या दारावरचा 'टिपणीस' आणि 'शुभविवाह'चा फलक दत्तारामने रात्रंदिवस खपून रंगवून आणला होता. अनुपमाच्या नावाभोवती त्याने अबोलीची वेल काढली होती. विद्याधर बोहल्यावरून त्या फलकाकडे बघत नव्हता. मग भेटी कमी झाल्या, आणि त्या कमी कशा होतील याची काळजी विद्याधरनेच घेतली: बदली, मुलं, आईचं आजारपण. आई गेली तेव्हा दत्ताराम आला होता. स्मशानात एका बाजूला उभा राहून लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि विद्याधरच्या मनात आलं होतं, बघ आई, तुझा घरचा मुलगा. तो विचार आठवला की अजून त्याचे कान तापायचे. घाटकोपर आलं. रिक्षावाला म्हणाला, "अंदर नहीं जाएगी साब, इधरसे चलो."

भटवाडीच्या चढावर त्याला दोनदा थांबावं लागलं. मानसीने दार उघडलं, ही दत्तारामच्या धाकट्या बहिणीची मुलगी, चित्रकलेच्या शाळेत शिकवते. "मामा वर आहे, वाटच बघतोय," म्हणाली आणि लोखंडी जिना दाखवून क्लासला निघून गेली. माळ्यावर टर्पेंटाइनचा वास होता आणि भिंतीला टेकवून ठेवलेली बारा चित्रं होती. बाराही चित्रांत एकच हॉल. त्याचा. सोफा, रुमाल, चिकटपट्टी, टेलिफोनखालची विणलेली चकती, खिडकीत आईची मनीप्लांटची बाटली. पण सोफ्यावर प्रत्येक वेळी वेगळा मुलगा. "हा नंदकिशोर," दत्ताराम सांगत होता. केस पांढरे, पाठीला बाक, हात मात्र तेच, नखात रंग. "आमच्याच लायनीत राहायचा. लॅबमध्ये होता. हा भीमराज, ह्याचे चार भाऊ एका खाटेवर. हा मुकुल, गेला बिचारा. ह्यांच्यातल्या एकालाही कधी हॉल म्हणून नव्हता. म्हटलं, बसवू या सगळ्यांना. काकूंचं घर मोठं होतं." सगळी पोरं इस्त्रीचे शर्ट घालून, केसांचा भांग पाडून, गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती, आणि प्रत्येकाच्या बसण्यात, आता कुणीतरी येऊन उठ म्हणेल, अशी जरा घाई होती. फक्त पहिल्या चित्रातला, कोटातला दत्ताराम, तेवढा निवांत होता. विद्याधर त्या चित्रापुढे उभा राहिला नाही.

तेरावं चित्र लाकडी घोडीवर लावलेलं होतं. त्यात सोफा जवळजवळ नव्हताच. सगळा टीव्ही होता, शटर उघडलेला, राखाडी काचेत उलटा हॉल, आणि त्यात अंगठ्याएवढा एक माणूस, छातीशी कॅमेरा धरून उभा. शर्टाच्या चौकडी बरोबर होत्या. चेहऱ्याच्या जागी नुसता रंग. "बस," दत्तारामने स्टूल सरकवलं. "मान जरा खाली. नाही नाही, डोळे माझ्याकडे. फोटो काढताना बघितलंस तसा बघ." मग ब्रश चालू झाला आणि ब्रशच्या तालात तो बोलू लागला. "विद्या, एक मनात आहे रे. तुझी माफी मागायची राहिली. हसू नको. काय बिनडोक होतो मी बघ. फोटो तुझ्या घरात काढला, आणि चौकशीला माणूस धाडला तो तुझ्याच घरी! त्याच सोफ्यावर बसून त्या मामाने फोटोतला सोफा बघितला असेल. सरळ पकडलो. तुला तोंडघशी पाडलं. काय सांगून तू वेळ मारून नेलीस देव जाणे. माझ्यापायी तुला खोटं बोलायला लागलं असेल, काकूंसमोर. त्यानंतर मी बापाला सांगितलं, दुसरं स्थळ नको. खोट्या घरातला फोटो परत द्यायचा नाही, आणि खऱ्या घरातला दिला तर कोण मुलगी देणार? बरोबर ना?"

विद्याधरचे हात गुडघ्यांवर होते. म्हणजे हा चाळीस वर्षं सोफ्याला दोष देत आला. स्वतःला देत आला. आणि त्याच अपराधातून ही बारा पोरं, ही पाटी, हे सगळं. आता सांगून कुणाचं भलं होणार होतं? बँकेत छत्तीस वर्षं काढलेलं डोकं कारणं पुरवायला लगेच हजर झालं. माणूस सहासष्ट वर्षांचा आहे. शनिवारी प्रदर्शन आहे. त्याने आपल्या दुःखाचं काहीतरी करून दाखवलंय, ते तू मोडणार? तुला हलकं व्हायचंय म्हणून त्याच्यावर ओझं? यातलं एकही कारण खोटं नव्हतं. मामांना सांगितलेलंही खोटं नव्हतं. त्याला फार सोपं होतं: जाऊ दे रे दत्ता, झालं ते झालं, मी कधीच विसरलो. एवढं म्हटलं की दत्ताराम डोळे पुसणार, आणि शनिवारी पाटीखाली उभं राहून विद्याधर हार घालून घेणार. त्याने तोंड उघडलं. "दत्ता..." "गप रव," दत्ताराम म्हणाला, "ओठच काढतोय. हलवू नको."

त्याने ओठ मिटले. ब्रशचं टोक इकडे बघून तिकडे जात होतं. खालून कुणाचातरी कुकर तीनदा ओरडला. इतकं सोपं होतं. सांगायला गेलो होतो, त्यानेच गप्प बसवलं. हे कारण तर उरलेल्या आयुष्याला पुरलं असतं. आणि याच विचाराची त्याला एवढी किळस आली की तो स्टुलावरून उठलाच.

"मामा हसले होते," तो म्हणाला. "घराला. घराचं काही नव्हतं रे. त्यांचा स्वतःचा फोटो मास्तरांच्या ओसरीवर काढलेला, मागे म्हैस. म्हणाले, मुलगा कसा तेवढं सांगा, उद्या सुपारी फोडतो. आणि मी म्हटलं, माझं नाव मध्ये नको. एवढंच म्हटलं मी. ते समजायचं ते समजले. सोफ्याने नाही, दत्ता. मी मोडलं." आवाज चिरकत होता, पण आता थांबणं हातात नव्हतं. जिना, छत्री, अर्धा कप, सगळं बाहेर आलं.

दत्तारामच्या हातातला ब्रश तसाच राहिला. तो त्या बारा चित्रांकडे बघत होता, एकेका पोराकडे, हजेरी घेतल्यासारखा. "म्हैस होती?" त्याने विचारलं. "हो." "म्हणजे पसंत होतो मी." "हो." त्याने ब्रश फडक्याला पुसला. मग म्हणाला, "मेल्या, का पण? काय केलं होतं मी तुझं?"

हे सांगायचं सगळ्यांत अवघड होतं, कारण ते इतकं क्षुल्लक होतं. खून केला असता तर बरं, असं त्याला वाटलं. "काही नाही केलंस. तू सोफ्यावर बसलास ना, तेव्हा आई बाबांना म्हणाली, किती शोभतोय, अगदी घरचाच वाटतोय. आणि आमचे चिरंजीव बसले की पाहुण्यासारखे. तेवढंच."

दत्ताराम वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता. आणि रागाखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, ते बघवत नव्हतं.

"काकू म्हणाल्या असं? घरचाच?"

"हो."

"परत सांग."

विद्याधरने सांगितलं. आईच्याच सुरात, पदराला हात पुसण्यासकट. दत्तारामने डोळे मिटून ऐकलं. मग शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, घोडीवरच्या चित्रातले नुकतेच काढलेले ओठ फडक्याने पुसून टाकले आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

"तुला माफबिफ नाही केलंय मी," तो म्हणाला. "ते बघू. बस परत. आणि आता बघ माझ्याकडे. चाळीस वर्षं येत नव्हता तो चेहरा, आता येईल."

विद्याधर स्टुलावर बसला, पाहुणा आल्यासारखा, आणि त्याने डोळे खाली घेतले नाहीत.